देशाला घरचा आहेर : कसा द्यावा आणि कसा घ्यावा

स्वतःच्या देशावर टीका करणाऱ्या माणसाला आपल्याकडे दोन प्रश्न हमखास विचारले जातात : ‘मग इथे राहतोस कशाला?’ आणि ‘तेव्हा कुठे होतास?’ या दोन्ही प्रश्नांत त्या टीकेतल्या मजकुराबद्दल एक अक्षरही नसते. हे मार्गदर्शन ज्यांना टीका करायची आहे त्यांच्यासाठी आहे, तसेच ज्यांना ती ऐकून घ्यावी लागते त्यांच्यासाठीही आहे. मुंबईत एकच माणूस सकाळी लोकलच्या दारात लोंबकळताना पहिल्या गटात असतो आणि रात्री नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दुसऱ्या गटात जातो, म्हणून दोन्ही कामे एकत्रच सांगतो. टीका प्रेमापोटी आली की द्वेषापोटी, याचा तपास करण्यात बहुतेक वेळा आयुष्य वाया जाते, कारण दुसऱ्याचे मन कोणालाच उघडून पाहता येत नाही. टीका कोणाला उद्देशून आहे, ती खरी आहे का आणि तिच्यातून कोणती दुरुस्ती मागितली आहे, एवढे मात्र तपासता येते, आणि माझ्या मते तेवढेच तपासावे.

माणसे टीका का करतात

ज्याला लागले आहे तो बोलतो, हे सर्वांत सरळ कारण. १४ ऑगस्ट १९३१ रोजी गावदेवीतल्या मणिभवनात डॉ. बाबासाहेब आंबेडकर गांधीजींना भेटले, तेव्हा आपल्याला मायभूमीच नाही असे त्यांनी गांधीजींना तोंडावर सांगितले. जिथे आपल्या माणसांना कुत्र्यामांजरांहून हीन वागवले जाते आणि प्यायला पाणीही मिळत नाही, ती भूमी आपली कशी म्हणावी, असा त्यांचा सवाल होता. या देशाबद्दल याहून कठोर वाक्य क्वचितच कोणी उच्चारले असेल. ते उच्चारणारा माणूस १६ वर्षांनी याच देशाच्या घटनेच्या मसुदा समितीचा अध्यक्ष झाला. टीकेच्या सुरावरून निष्ठा मोजणाऱ्यांनी ही दोन वर्षे, १९३१ आणि १९४७, शेजारी शेजारी ठेवून पाहावीत.

दुसरे कारण असे की काहींना सरकारपेक्षा आपल्याच समाजाचे वागणे जास्त खुपते. लोकहितवादींची शतपत्रे १८४८ पासून मुंबईच्या ‘प्रभाकर’ साप्ताहिकात येऊ लागली. त्यांत परक्या राज्यकर्त्यांपेक्षा आपल्याच लोकांच्या आळसावर आणि रूढींवर कोरडे ओढलेले आहेत. पुढे आगरकरांनी १८८८ मध्ये ‘सुधारक’ काढले आणि त्याची किंमत म्हणून जिवंतपणी स्वतःची प्रेतयात्रा पाहिली. त्यांचे आणि टिळकांचे भांडण ‘आधी स्वराज्य की आधी सुधारणा’ या प्रश्नावर होते. दोघांपैकी एकाला देशभक्त ठरवण्यासाठी दुसऱ्याला देशद्रोही ठरवावे लागत नाही, ही गोष्ट महाराष्ट्राला शंभर वर्षांपूर्वीच कळून चुकली आहे. निदान पुतळे उभारताना तरी आपण तसेच वागतो.

तिसरे कारण तुलना. सिंगापूर किंवा दुबई पाहून परतलेला माणूस विमानतळाबाहेर पडताच फुटपाथबद्दल बोलू लागतो. त्याच्या बोलण्यात तोरा असला तरी फुटपाथ उखडलेला असतो, हेही खोटे नसते.

चौथा प्रकार मात्र मला स्वतःला मान्य नाही. सगळ्यालाच नावे ठेवणे ही काही घरांत संध्याकाळच्या चहाबरोबरची सवय असते. ‘या देशाचे काही होणार नाही’ हे वाक्य तिथे दर दहा मिनिटांनी येते आणि त्यातून कोणाकडेही काहीही मागितलेले नसते. दक्षिण मुंबईत २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत मतदान पन्नास टक्क्यांच्या आसपासच झाले, हे अशा बैठकींत सहसा कोणी काढत नाही. अशा कुरकुरीला देशद्रोह म्हणणे हास्यास्पद आहे, पण तिला टीका म्हणणेही उदारपणाचे होईल.

आधी पत्ता ठरवावा

टीका करण्यापूर्वी आपण नेमके कोणावर बोलत आहोत हे कागदावर लिहून काढावे. देश, राज्यसंस्था, आजचे सरकार आणि समाज या चार वेगळ्या गोष्टी आहेत, आणि बहुतेक भांडणे त्यांची सरमिसळ झाल्यामुळे होतात. मंत्र्यावर केलेली टीका देशावरची म्हणून दाखवणे मंत्र्याच्या सोयीचे असते; उलट बाजूने एका खात्याच्या ढिलाईवरून ‘आपला देशच असा’ म्हणणे त्या खात्याच्या सोयीचे असते, कारण संपूर्ण देश दोषी ठरला की खात्याला जाब द्यावा लागत नाही. सर्वोच्च न्यायालयाने राजद्रोहाच्या कलमाबद्दलच्या १९६२ च्या केदारनाथ सिंह खटल्यात कायद्याने प्रस्थापित झालेली शासनसंस्था आणि त्या त्या वेळी कारभार पाहणारी माणसे यांत फरक केला आहे. तो फरक केवळ वकिलांच्या कामाचा नाही.

मुंबईत हा पत्ता शोधणे सोपे नसते, म्हणून त्यासाठी वेळ द्यावा. २९ सप्टेंबर २०१७ रोजी एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या पुलावर चेंगराचेंगरीत २३ माणसे गेली. तो पूल रेल्वेचा, म्हणजे प्रश्न केंद्र सरकारच्या खात्याचा होता. १४ मार्च २०१९ च्या संध्याकाळी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसजवळचा हिमालय पूल कोसळला, तेव्हा आरंभी तो रेल्वेचा की महापालिकेचा यावरच टोलवाटोलवी झाली. तो महापालिकेचा होता आणि संरचनात्मक तपासणीत तो वापरण्यायोग्य ठरवला गेला होता. दोन्ही वेळी ‘या देशात माणसाच्या जिवाला किंमत नाही’ हे वाक्य हजारोंनी उच्चारले. संताप खरा होता, पण उपयोगी पडणारा प्रश्न वेगळाच होता : तपासणीचा अहवाल कोणी लिहिला, कोणी स्वीकारला आणि त्या स्वीकृतीवर सही कोणाची आहे?

पुरावा गोळा करावा

हा भाग कंटाळवाणा आहे आणि म्हणूनच बहुतेकजण तो गाळतात. माहिती अधिकार कायदा २००५ चा आहे. महाराष्ट्रात अर्जाचे शुल्क १० रुपये असून अर्जावर १० रुपयांचे कोर्ट फी स्टँप लावूनही ते भरता येते. राज्याच्या नियमांनुसार अर्ज एकाच विषयावर आणि शक्यतो १५० शब्दांत असावा लागतो. ‘आमचा रस्ता इतका वाईट का?’ असे विचारू नये, कारण माहिती अधिकारी कारणे शोधून देण्यास बांधील नसतो. तो फक्त नोंदीत असलेली माहिती देतो. त्याऐवजी रस्त्याचे नाव, दोन्ही टोकांच्या खुणा आणि आर्थिक वर्ष लिहून कार्यादेशाची प्रत, कंत्राटदारास दिलेल्या देयकांची प्रत, दोषदायित्व कालावधी (ज्या मुदतीत बिघाड कंत्राटदाराने स्वतःच्या खर्चाने दुरुस्त करायचा असतो) संपण्याची तारीख आणि त्या कालावधीत झालेल्या दुरुस्तीच्या नोंदी मागाव्यात. ३० दिवसांत उत्तर आले नाही किंवा गुळमुळीत उत्तर आले, तर पुढच्या ३० दिवसांत त्याच कार्यालयातील अपिलीय अधिकाऱ्याकडे पहिले अपील करावे. तेथेही निभाव लागला नाही, तर ९० दिवसांच्या आत राज्य माहिती आयोगाकडे दुसरे अपील करता येते. आयोगाकडच्या तारखा लांबतात, हे गृहीत धरूनच अर्ज करावा.

प्रत्येक टीकेसाठी अर्ज करा, असा हट्ट नाही. विधिमंडळात मांडलेले महालेखापरीक्षकांचे अहवाल, चौकशी आयोगांचे अहवाल आणि न्यायालयांचे निकाल हे सर्व उघड साहित्य आहे, आणि त्यातली भाषा अनेकदा आपल्या ग्रुपवरच्या कोणत्याही टीकेपेक्षा जास्त झोंबणारी असते. सरकारी कागदातलेच वाक्य उचलून समोर ठेवले की ‘तू देशाविरुद्ध बोलतोस’ म्हणणाऱ्याची जरा पंचाईत होते.

कुठे बोलावे, केव्हा बोलावे

‘झाकली मूठ सव्वा लाखाची’ हा आपल्या घराघरांतला जुना सल्ला आहे, आणि परदेशात जाऊन देशाबद्दल वाईट बोलू नये हा आग्रह त्यातूनच येतो. मला त्यात एवढेच पटते की, बाहेर जे बोलतो ते घरीही बोलण्याची तयारी असावी. जो न्यू जर्सीतल्या मंडळात जातिभेदावर व्याख्यान देतो आणि पार्ल्यातल्या स्वतःच्या घरी कामवालीचा कप वेगळा ठेवतो, त्याच्या टीकेत काही खोट नसली तरी त्याला ती आधी घरी करता आली असती. जो दोन्हीकडे तेच बोलतो, त्याला मात्र ठिकाणावरून अडवू नये. दादाभाई नवरोजींनी हिंदुस्थानच्या दारिद्र्याचे आकडे लंडनमध्येच जाऊन मांडले, कारण निर्णय तिथे होत होते.

वेळेचा प्रश्न अधिक गंभीर आहे, आणि मुंबईकरांना तो २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्रीपासून ठाऊक आहे. कारवाई चालू असताना वाहिन्यांनी कमांडोंच्या हालचाली थेट दाखवल्या; सर्वोच्च न्यायालयाने २९ ऑगस्ट २०१२ च्या कसाब खटल्याच्या निकालात या प्रक्षेपणावर कडक ताशेरे ओढले आणि अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या नावाखाली त्याचे समर्थन करता येणार नाही असे सांगितले. तेव्हा जिवावर बेतू शकेल अशी माहिती त्या क्षणी बाहेर न सोडणे ही टीकाकाराने स्वतःवर घालून घ्यायची मर्यादा आहे. पण ही मर्यादा कारवाईबरोबर संपते. हल्ल्यानंतर राज्य सरकारनेच राम प्रधान समिती नेमली आणि तिने पोलिसांच्या प्रतिसादातील उणिवा नोंदवल्या. ज्या शहराने आपल्या शहीद पोलिसांना डोक्यावर घेतले, त्याच शहराला त्यांच्याजवळ पुरेशी साधने का नव्हती हे विचारण्याचा अधिकार होता. शहिदांचे नाव पुढे करून हा प्रश्न दाबणे त्या शहिदांवरच अन्याय करणारे ठरले असते.

ऐकणाऱ्याने काय करावे

टीका कानावर पडली की पहिल्यांदा राग येतो, आणि तो येणे स्वाभाविक आहे. ज्याचे आपल्याला काहीच वाटत नाही त्याच्याबद्दल कोणी काहीही बोलले तरी राग येत नाही. तो राग ओसरू द्यावा आणि मग ‘हे खरे आहे का?’ हा एकच प्रश्न विचारावा. बोलणारा कोण आहे, कोणत्या जातीचा, धर्माचा किंवा पक्षाचा आहे, हे प्रश्न त्यानंतर, आणि शक्यतो विचारूच नयेत. विधान खोटे असेल तर ते खोटे आहे असे पुराव्यानिशी सांगावे, एवढ्यावर काम भागते. विधान खरे असेल तर ‘तेव्हा कुठे होतास?’ या प्रश्नाने ते खोटे होत नाही. फार तर बोलणारा उशिरा जागा झाला एवढेच सिद्ध होते.

माझ्या ओळखीच्या एका सोसायटीत प्रजासत्ताक दिनाच्या ध्वजवंदनाला दोरीची गाठ अडकली. सचिवांनी दोन-तीनदा ओढूनही ती सुटेना, तेव्हा वॉचमनने चपला काढून बाजूला ठेवल्या, स्टुलावर चढून गाठ सोडवली आणि झेंड्याच्या घडीतल्या पाकळ्या त्याच्याच डोक्यावर पडल्या. राष्ट्रगीत झाले, भाषणे झाली, आणि चहा-सामोसा सुरू होण्याआधी तळमजल्यावरच्या निवृत्त शिक्षिका म्हणाल्या की या माणसाला या आवारात शौचालय नाही, तो रोज रस्ता ओलांडून पे-अँड-यूजला जातो. ‘काकू, आजच्या दिवशी नको ना,’ असे सचिव अजिजीने म्हणाले. काकू म्हणाल्या, ‘बरं, मग विषयपत्रिकेवर घ्या.’ विषय वार्षिक सभेच्या विषयपत्रिकेवर आला, त्यावर खर्चावरून तासभर वाद झाला आणि पंपाच्या खोलीशेजारी एक शौचालय बांधले गेले. सचिवांचा संकोच मला समजतो, कारण सणाच्या दिवशी कोणालाच कटुता नको असते. पण ‘आज नको’ म्हणणाऱ्याने ‘मग केव्हा’ हेही सांगितले पाहिजे, आणि काकूंनी तेवढेच वसूल केले.

शहराच्या पातळीवर हाच ‘आज नको’ गेली कित्येक वर्षे ‘मुंबई स्पिरिट’ या नावाने वावरतो आहे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला; ११ जुलै २००६ रोजी पश्चिम रेल्वेच्या गाड्यांत बॉम्बस्फोट झाले आणि दुसऱ्या दिवशी माणसे पुन्हा त्याच गाड्यांत चढली. त्या धीराचे कौतुक योग्यच होते, पण ज्याला रोजंदारी बुडवणे परवडत नाही तो दुसऱ्या दिवशी कामावर जातोच, आणि त्याला धीरोदात्त म्हटले की त्याच्याबद्दलची जबाबदारी संपली असे वाटू लागते. पर्जन्यजल वाहिन्यांच्या सुधारणेचा ब्रिमस्टोवॅड अहवाल १९९३ पासून तयार होता. त्यातली उदंचन केंद्रे, म्हणजे साचलेले पाणी उपसून समुद्रात सोडणारी पंपिंग स्टेशने, २००५ नंतर, त्या पुराबद्दलच्या चितळे समितीच्या चौकशीनंतर आणि बऱ्याच ओरडीनंतर एकेक करून उभी राहू लागली. हाजी अली आणि इर्ला ही केंद्रे स्पिरिटच्या कौतुकातून उगवलेली नाहीत. तेव्हा कोणी आपल्या शहराची किंवा देशाची स्तुती करून आपला प्रश्न मिटवू पाहत असेल, तर स्तुती स्वीकारावी, आभार मानावेत आणि प्रश्न पुन्हा विचारावा.

देशप्रेमाची हद्द

देशप्रेम कुठे थांबावे, याबद्दल मी माझ्यापुरत्या तीन खुणा ठेवल्या आहेत : ते खोटे बोलायला सांगू लागले, दुसऱ्याकडून सक्तीने प्रदर्शन करवून घेऊ लागले, किंवा आपल्याच देशातल्या एखाद्या गटाला परके ठरवू लागले, की ते आपल्या हद्दीबाहेर गेले असे समजावे. तिसऱ्या खुणेबद्दल जास्त बोलण्याची गरज नाही. ‘पाकिस्तानात जा’ हे वाक्य कोणाला ऐकावे लागते आणि कोणाला कधीच ऐकावे लागत नाही, हे लोकलच्या डब्यात उभ्या असलेल्या प्रत्येकाला माहीत आहे.

सक्तीबद्दल मात्र न्यायालयांचा अनुभव सांगण्याजोगा आहे. केरळमधल्या तीन शाळकरी मुलांनी धार्मिक श्रद्धेमुळे राष्ट्रगीत म्हटले नाही, पण ती आदराने उभी राहत. शाळेने त्यांना काढले आणि सर्वोच्च न्यायालयाने १९८६ च्या बिजोय इमॅन्युएल खटल्यात त्यांना परत घ्यायला लावले. चित्रपटगृहांत राष्ट्रगीत सक्तीचे करणारा आदेश २०१६ मध्ये त्याच न्यायालयाने दिला आणि ९ जानेवारी २०१८ रोजी ती सक्ती मागे घेतली. महाराष्ट्रातल्या चित्रपटगृहांत राष्ट्रगीत त्याआधीपासूनच वाजत आहे, आणि बहुतेक प्रेक्षक आपणहून उभे राहतात. मीही उभा राहतो. शेजारचा उभा राहिला नाही तर त्याच्याकडे पाहण्याचे मला कारण नाही. तो अपंग असेल, आजारी असेल, किंवा त्याची काही वेगळी भूमिका असेल. पोलिसांचे काम प्रेक्षकांनी हाती घेतले की त्या ५२ सेकंदांचे गांभीर्य उरत नाही.

खोट्याच्या खुणेबद्दल दुर्गाबाई भागवतांचे उदाहरण पुरेसे आहे. आणीबाणीत, १९७५ च्या कराड साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावरून त्यांनी सत्ताधाऱ्यांसमक्ष लेखनस्वातंत्र्याची बाजू मांडली आणि पुढे तुरुंगवास पत्करला. सरकार तेव्हा देशाच्या ऐक्याची भाषा बोलत होते आणि ‘शिस्तीचे पर्व’ साजरे होत होते. योगायोग असा की नागरिकांची मूलभूत कर्तव्ये सांगणारा ५१ क हा अनुच्छेदही १९७६ मध्ये, त्याच काळात घटनेत आला. त्यात ध्वज आणि राष्ट्रगीत यांचा आदर करण्याचे कर्तव्य जसे आहे, तसेच शोधक बुद्धी आणि सुधारणावाद यांचा विकास करण्याचेही आहे. पहिले कलम सगळ्यांना पाठ असते, दुसरे वाचायला लावावे लागते.

कायद्याची रेषा कुठे आहे

टीका करणाऱ्याने भीतीपोटी गप्प बसू नये आणि अज्ञानापोटी अडकूही नये, यासाठी एवढे माहीत असावे. राजद्रोहाच्या ज्या कलम १२४-अ खाली मुंबई उच्च न्यायालयात १९०८ साली टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली, त्या कलमाचा वापर सर्वोच्च न्यायालयाने ११ मे २०२२ रोजी स्थगित ठेवायला लावला, आणि १ जुलै २०२४ पासून जुनी दंडसंहिताच गेली. (त्या निकालावेळचे टिळकांचे उद्गार आज त्याच न्यायालयाच्या भिंतीवर संगमरवरात आहेत; राज्यसंस्थेलाही कधी कधी आपला शब्द मागे घ्यावासा वाटतो.) नव्या भारतीय न्याय संहितेचे कलम १५२ सार्वभौमत्व, एकता आणि अखंडता धोक्यात आणण्याबद्दल आहे आणि त्याची शिक्षा जन्मठेपेपर्यंत आहे, मात्र चिथावणी न देता, सरकारच्या धोरणात वा कृतीत कायदेशीर मार्गाने बदल व्हावा म्हणून व्यक्त केलेली नापसंती हा गुन्हा नाही, असे स्पष्टीकरण त्यातच दिलेले आहे. राष्ट्रीय प्रतीकांच्या अवमानाबद्दलच्या १९७१ च्या कायद्यातही, कायदेशीर मार्गाने घटनेत किंवा ध्वजात बदल मागणारी टीका गुन्हा ठरत नाही. म्हणून लिहिताना दुरुस्ती कोणती हवी ते एका वाक्यात नोंदवणे हा वाङ्मयीन गुण तर आहेच, पण कायदेशीर संरक्षणही आहे.

नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतरच्या बंदबद्दल फेसबुकवर एकीने लिहिल्यावरून आणि दुसरीने ते लाइक केल्यावरून पालघरच्या दोन तरुणींना अटक झाली. त्या प्रकरणातून गाजलेले माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६-अ, म्हणजे ऑनलाइन ‘आक्षेपार्ह’ मजकूर पाठवणे गुन्हा ठरवणारे कलम, सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी रद्द केले, आणि चर्चा करणे, एखाद्या मताचा पुरस्कार करणे व चिथावणी देणे यांतला फरक सांगून फक्त तिसऱ्यावर बंधन घालता येते असे म्हटले. दोन समाजांत वैर पसरवणे, माहीत असून खोटी बातमी पसरवणे आणि अब्रुनुकसानी हे गुन्हे मात्र आजही आहेत. फॉरवर्ड केलेला मजकूर आपला नव्हता, हा बचाव तिथे फारसा टिकत नाही. मुंबईत निदर्शनांसाठी आझाद मैदान ही ठरलेली जागा असून तिथेही पोलिसांची पूर्वपरवानगी घ्यावी लागते. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का आणि तारीख घ्यायला विसरू नये.

एखाद्या लेखावरून किंवा पोस्टवरून पोलीस ठाण्यातून फोन आला, तर लेखी नोटीस मागावी. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५(३) खाली ती देता येते आणि तिचे पालन करणाऱ्याला पोलीस एरवी अटक करत नाहीत. मूळ मजकूर घाबरून पुसून टाकू नये. तो, त्याखालच्या प्रतिक्रिया आणि आधारभूत कागदपत्रे तारखेसह जपून ठेवावीत, कारण आपण नेमके काय लिहिले होते हे पुढे आपल्यालाच दाखवावे लागते. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करता येतो. महिला आणि अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना तेथे उत्पन्नाची अट नाही.